नागपूरला जायचंय? आधी परतीची शेवटची गाडी विचारा

विदर्भातल्या खेड्यातून नागपूर गाठणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते काम आटोपून त्याच दिवशी घरी परतणं. तालुक्याहून गावाकडे जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी सहा-साडेसहाला निघून जाते आणि इकडे नागपुरात डॉक्टरांनी "रिपोर्ट घेऊन चारला या" म्हटलेलं असतं. मग तालुक्याच्या स्टँडवर रात्र काढा, नाहीतर भाच्याला मोटरसायकल घेऊन बोलवा. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की नागपूरची आखणी उलटी करा. परत कसं यायचं ते आधी ठरवा, जायचं कसं ते त्यावरून आपोआप ठरतं.

काम नेमकं कुठे आहे?

"नागपूरला जायचंय" एवढ्यावर निघू नका. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, शहराच्या दक्षिण भागात मेडिकल चौकात आहे. मेयो हे दुसरं सरकारी हॉस्पिटल रेल्वे स्टेशनजवळ, सेंट्रल एव्हेन्यूवर आहे. एम्स तर मिहानमध्ये, विमानतळाच्याही पलीकडे खापरीकडे आहे. चिठ्ठीवर "एम्स" लिहिलेलं असताना वर्ध्याकडून आलेला माणूस थेट गणेशपेठ स्टँडवर उतरला, तर आलेल्या रस्त्यानेच त्याला बरंच अंतर मागे जावं लागतं. कर्करोगाच्या उपचाराचंही असंच आहे. तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल तुकडोजी पुतळा चौकाजवळ शहरात आहे, तर नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट वर्धा रोडवर जामठ्याला, शहराबाहेर. दोन्हीला लोक "कॅन्सर हॉस्पिटल"च म्हणतात. चिठ्ठीवरचा पत्ता घरूनच दोनदा वाचून घ्या.

हायकोर्ट, कलेक्टर ऑफिस, विधानभवन हा सगळा सिव्हिल लाइन्सचा भाग आहे. परीक्षेला जाणाऱ्या पोरापोरींनी हॉल तिकिटावरचं केंद्र नकाशात आदल्या रात्रीच बघावं, कारण केंद्रं हिंगणा रोड, वानाडोंगरी, कामठी रोड, वर्धा रोड अशी शहराच्या चारी कडांना असतात. एका कडेहून दुसऱ्या कडेला जायला तास मोडतो. गेट बंद झाल्यावर कुणी ऐकून घेत नाही.

परतीचा हिशेब

तीन वेळा कागदावर लिहा. तालुक्याहून गावाकडची शेवटची गाडी किती वाजता, नागपूरहून तालुक्यापर्यंत लागणारा वेळ किती, आणि कामाच्या ठिकाणाहून नागपूरच्या स्टँडवर किंवा स्टेशनवर पोचायला लागणारा वेळ किती. समजा गावाकडची गाडी सहाची आहे आणि नागपूर ते तालुका चार तास लागतात. मग दीडच्या आत नागपूरहून निघायलाच हवं, म्हणजे काम साडेबाराला संपायला हवं. ओपीडीचं काम साडेबाराला संपत नाही. कोर्टाची तारीखही नेहमी संपत नाही. हे आधीच कळलं की मुक्कामाची तयारी करून निघता येतं.

ही वेळ विचारायची ती स्टँडच्या भिंतीवरच्या रंग उडालेल्या वेळापत्रकाला नाही. नियंत्रकाच्या खिडकीत विचारा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे गावात मुक्कामी येणाऱ्या गाडीच्या चालक-वाहकाला आदल्या संध्याकाळी विचारा. गाडी उद्या निघणार का, शाळांना सुट्टी लागल्यामुळे फेरी बंद आहे का, नाल्यावर पाणी आहे का, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. बऱ्याच खेड्यांतल्या फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांवर चालतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत त्यातल्या काही बंद होतात आणि ते कुठे लिहिलेलं नसतं.

एवढं करूनही शेवटची गाडी चुकणार असं दिसलं, तर घाई करून अर्ध्या वाटेपर्यंत जाऊ नका. अडकायचंच असेल तर नागपुरात अडका. तिथे रात्रभर दिवे आहेत, चहा आहे, माणसं आहेत. रेल्वेचं तिकीट असेल तर प्रतीक्षालय आहे. तालुक्याचं स्टँड रात्री नऊनंतर सामसूम असतं. सोबत बाईमाणूस किंवा आजारी माणूस असेल तर हा नियम अजिबात मोडू नका.

एसटीने जाताना

एसटी अजूनही आपल्या भागाचा कणा आहे आणि सवलतींमुळे तीच परवडते. महिलांना मार्च २०२३ पासून सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र लागतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाचं आधार कार्ड पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या खिशात ठेवा. ज्येष्ठांची ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते आणि शहर बसला लागू नाही. छिंदवाडा किंवा आदिलाबादकडे जाणाऱ्यांनी हद्दीपलीकडचं तिकीट काढावं लागेल हे धरून चालावं.

नागपुरात एसटीचं मुख्य स्टँड गणेशपेठचं. बर्डीवरच्या (म्हणजे सीताबर्डीच्या) मोरभवन स्टँडवरून शहर बस सुटतात आणि जवळपासच्या तालुक्यांच्या काही एसटीही. परतताना आपली गाडी गणेशपेठहून आहे की मोरभवनहून, हे सकाळी उतरतानाच विचारून घ्या. संध्याकाळी दोन स्टँडांमध्ये धावपळ करताना गाडी निघून जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक वेळी गणेशपेठपर्यंत जायची गरज नसते. एसटी शहरात शिरते तेव्हा बाहेरच्या चौकांत थांबते. वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूर, यवतमाळकडून येणारी गाडी बुटीबोरी, खापरी करत वर्धा रोडने छत्रपती चौकातून आत येते. भंडारा, साकोली, गोंदियाची गाडी पारडीकडून, उमरेड-भिवापूरची दिघोरी, सक्करदऱ्याकडून, अमरावतीची वाडी, रवीनगरकडून, रामटेक-कामठीची ऑटोमोटिव्ह चौक, इंदोऱ्याकडून. बसताना वाहकाला सांगून ठेवा: "मेडिकलला जायचंय, जवळचा थांबा आला की सांगा." नागपूरच्या फेऱ्या करणारे वाहक हे आपणहून सांगतात, फक्त विचारायला हवं.

मेट्रोची चार टोकं

नागपूरची मेट्रो शहरवाल्यांसाठी आहे असं समजून आपल्याकडची बरीच माणसं तिच्याकडे फिरकत नाहीत. मला वाटतं तिचा खरा फायदा बाहेरून येणाऱ्यालाच आहे. पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ पासून चारही दिशांना गाड्या धावू लागल्या. दोनच मार्ग आहेत, फुलीसारखे. नारिंगी मार्ग उत्तरेला कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकातून दक्षिणेला वर्धा रोडवरच्या खापरीपर्यंत जातो. निळसर रंगाचा एक्वा मार्ग पूर्वेला भंडाऱ्याच्या वाटेवरच्या प्रजापती नगरहून पश्चिमेला हिंगणा रोडवरच्या लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात आणि गाडी तिथेच बदलायची.

आता ही चार टोकं गावाकडून येणाऱ्या रस्त्यांवर ठेवून बघा. वर्धा-चंद्रपूर-यवतमाळकडचा माणूस खापरीला किंवा छत्रपती चौकाला मेट्रोत बसू शकतो. भंडारा-गोंदियाचा प्रजापती नगरला, रामटेक-मनसर-कामठीचा ऑटोमोटिव्ह चौकाला. सकाळी दहाच्या सुमारास वर्धा रोडवर आणि सेंट्रल एव्हेन्यूवर वाहनांची रांग लागलेली असते, तेव्हा वरून मेट्रो शांतपणे बर्डीला पोचवते. अमरावती रोड आणि उमरेड रोडच्या टोकाला मात्र मेट्रो नाही. तिकडून येणाऱ्यांना ऑटो किंवा शहर बसच बरी.

कुठे उतरायचं हे लक्षात ठेवा. मेयोसाठी एक्वा मार्गावरचं दोसर वैश्य चौक. रेल्वे पकडायची तर त्याच मार्गावर "नागपूर रेल्वे स्थानक" नावाचं स्टेशन आहे. विधानभवन, कलेक्टर ऑफिस, हायकोर्टाकडे जाण्यासाठी नारिंगी मार्गावरचं झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क, तिथून पुढे ऑटो. एम्ससाठी खापरी, आणि तिथून पुढे बस किंवा ऑटो. अजनी रेल्वे स्टेशनला जायचं असेल तर जवळचं मेट्रो स्टेशन काँग्रेस नगर आहे. "अजनी चौक" नावाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर वेगळं आहे, तिथे उतरलात तर रेल्वे स्टेशन शोधत फिराल.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी पायऱ्या सांगतो. खिडकीवर जाऊन उतरायच्या स्टेशनचं नाव सांगा आणि तिकीट घ्या. तिकिटावर चौकोनी नक्षी असते, ती फाटकाच्या काचेवर धरली की फाटक उघडतं. ते तिकीट टाकून देऊ नका, बाहेर पडतानाही तेच दाखवावं लागतं. फलाटावर दोन्ही बाजूंना गाड्या येतात, म्हणून डोक्यावरच्या पाटीवर शेवटच्या स्टेशनचं नाव वाचा. खापरीकडे जायचं असेल तर "खापरी" लिहिलेल्या बाजूला उभे राहा. म्हाताऱ्या माणसांना सरकत्या जिन्याची भीती वाटते. त्यांना ओढू नका, लिफ्ट असते, रक्षकाला विचारलं की तो दाखवतो. गाड्या साधारण सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री दहाच्या सुमारास बंद होतात. पहाटेच्या रेल्वेला किंवा विमानाला मेट्रोचा भरवसा धरू नका.

रेल्वेने जाताना

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या देशातल्या दोन मोठ्या लोहमार्गांची गाठ नागपुरात पडते. त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. घोळ होतो तो स्टेशनांच्या नावांत.

आधी आपल्याकडचं टोक बघा. अमरावतीकरांसाठी मुख्य मार्गावरचं स्टेशन बडनेरा आहे, अमरावती शहराचं स्टेशन तिथून फुटणाऱ्या फाट्याच्या लाइनवर आहे. भंडाऱ्यासाठी "भंडारा रोड", पण ते वरठीला आहे, शहरापासून चांगलं लांब. चंद्रपूरकरांना लांबच्या काही गाड्यांसाठी बल्लारशाह गाठावं लागतं. वर्ध्याला वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन स्टेशनं आहेत आणि काही गाड्या फक्त सेवाग्रामला थांबतात. बुलढाणा शहरात रेल्वे नाही, तिथल्या लोकांनी मलकापूर किंवा शेगाव धरावं. गडचिरोली जिल्ह्याला आजवर वडसा हाच आधार आहे, आणि तोही गोंदिया-बल्लारशाह मार्गावर, म्हणजे नागपूरला सरळ जाणारा नाही. नागपूर-नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या पट्ट्यातल्या लोकांना नागपूरसाठी एसटीच खरी. यवतमाळकरांचं रेल्वेस्टेशन पिढ्यान् पिढ्या धामणगाव. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आहे, बाकीचं काम पुढे चाललंय.

आता नागपूरचं टोक. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या अनेक लोकल गाड्या नागपूर मुख्य स्टेशनपर्यंत जात नाहीत, इतवारीला संपतात. इतवारी, गांधीबाग, कळमन्याच्या बाजाराला जायचं असेल तर ते सोयीचंच आहे. मुख्य स्टेशनहून पुढची गाडी पकडायची असेल तर मात्र मध्ये शहर ओलांडायला हाताशी तास ठेवा. वर्ध्याकडून येणारी गाडी अजनीला थांबत असेल आणि मेडिकलला जायचं असेल, तर अजनीलाच उतरा. तिथून मेडिकल जवळ पडतं आणि मुख्य स्टेशनची गर्दीही टळते. लांबच्या काही गाड्या तर अजनीहूनच सुटतात. पुण्याची वंदे भारत, जी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, ती अजनीची आहे. तिकिटावर "अजनी" लिहिलेलं असताना बॅगा घेऊन मुख्य स्टेशनवर उभं राहिलेलं कुटुंब मी पाहिलं आहे. सूचना ऐकत होते बिचारे, पण त्यांच्या गाडीची सूचना तिथे होणारच नव्हती.

मुख्य स्टेशनला दोन बाजू आहेत: पश्चिमेला जुनी दगडी इमारत, १९२५ मध्ये सुरू झालेली, आणि पूर्वेला संत्रा मार्केटची बाजू. फलाट एक पश्चिमेकडे, आठ पूर्वेकडे. कुणी न्यायला येणार असेल तर "स्टेशनवर ये" म्हणू नका, बाजू सांगा. सध्या स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्याने आतल्या-बाहेरच्या वाटा बदलत राहतात, म्हणून गाडीच्या अर्धा तास आधी पोचा.

जनरल तिकिटाचे दोन नियम न पाळल्यामुळे आपल्याकडच्या माणसांना दंड बसतो. पहिला: १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर तीन तासांच्या आत, किंवा त्या बाजूला जाणाऱ्या पहिल्या गाडीने निघावं लागतं. सकाळी काढलेलं तिकीट दुपारी चालत नाही. दुसरा: सुपरफास्ट गाडीत बसायचं तर तिकीट सुपरफास्टचं हवं, पॅसेंजरचं तिकीट चालत नाही. खिडकीवर गाडीचं नाव सांगूनच तिकीट मागा. मोबाइलवर काढायचं असेल तर रेल्वेचं रेलवन ॲप आहे. जनरल आणि आरक्षित दोन्ही तिकिटं त्यातच निघतात.

मुंबई-पुण्याकडे जायचं असेल तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तत्काळ आदल्या दिवशी: एसीचं सकाळी दहाला, बाकीचं अकराला. ऑनलाइन तत्काळसाठी जुलै २०२५ पासून खात्याला आधार जोडलेलं असणं आणि मोबाइलवर ओटीपी येणं सक्तीचं झालं आहे. हे जोडणं अकराला पाच कमी असताना होत नाही, आठवडाभर आधी करून ठेवा. आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांनी नागपूरला येऊन गाडी पकडायची सवय सोडावी. मुंबईची विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटतात.

ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला मात्र उपचारासाठी जाता-येता सवलत आजही मिळते. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. कितीतरी घरं हे माहीत नसल्यामुळे पूर्ण पैसे भरून महिनोन् महिने ये-जा करतात. तुमच्या गावात असं कुणी असेल तर त्याच्या घरी जाऊन सांगा.

आपली गाडी, समृद्धी आणि ट्रॅव्हल्स

चार-पाच जण मिळून गाडी करायची असेल तर ती शहरात फिरवू नका. मेट्रोच्या टोकाच्या ज्या स्टेशनवर पार्किंग आहे तिथे लावा आणि आत मेट्रोने जा. बर्डी, इतवारी, महाल या भागांत गाडी लावायला जागा सापडत नाही, आणि चुकीच्या जागी लावली तर उचलून नेतात.

समृद्धी महामार्ग वर्धा रोडजवळच्या शिवमडक्याहून निघतो आणि ७०१ किलोमीटर जाऊन ठाणे जिल्ह्यात आमण्याला संपतो. शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खेड्यांना नागपूर त्यामुळे जवळ आलं, पण फक्त मोटारीने. दुचाकी, ऑटो, ट्रॅक्टर यांना त्यावर बंदी आहे. मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० आहे. ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा सिमेंटच्या रस्त्यावर झिजलेला टायर फुटतो. चढण्याआधी हवा बघा, स्टेपनी बघा, टाकी भरा. रस्ता सरळ आणि एकसुरी असल्यामुळे डोळा लागतो. तासाला एकदा चालवणाऱ्याशी बोला, दोन तासांनी उतरा.

पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या खाजगी ट्रॅव्हल्समध्ये बसलात की झोपण्याआधी एक गोष्ट करा: आणीबाणीचं दार कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर ट्रॅव्हल्सची बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. दाराची बाजूच खाली गेली होती. ज्यांनी काच फोडली तेच बाहेर पडू शकले.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, रेल्वेत काही झालं तर १३९, बाकी कशालाही ११२. हे चार आकडे फोनमध्ये टाकूनच ठेवा.

विमान

मुलगा बंगळुरूला लागला, मुलीची मुलाखत दिल्लीला आहे, वडिलांना मुंबईला दाखवायचंय, अशा कारणांनी आता खेड्यातली माणसंही विमानाने जातात. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडला लागून आहे. मेट्रोचं "एअरपोर्ट" स्टेशन वर्धा रोडवर आहे, पण विमानतळाची इमारत तिथून आत आहे. सामान घेऊन पायी जाऊ नका, ऑटो किंवा जोडबस बघा. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली. ती रोज नसल्यामुळे वार बघून तिकीट काढा. गोंदियाजवळच्या बिरसीहूनही मधल्या काळात प्रवासी विमानं उडाली आहेत, त्या बाजूच्या लोकांनी तिकीट काढताना तिथलंही एकदा तपासावं.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी क्रम असा. तिकिटावरचं नाव आधार कार्डासारखंच हवं, अगदी वडिलांचं नाव आणि आडनावही. विमानाच्या दोन तास आधी पोचा, कारण सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि एकदा बंद झाली की विनवण्या चालत नाहीत. दारावर पोलिसाला तिकीट आणि आधार दाखवा. आत कंपनीच्या खिडकीवर मोठं सामान द्या आणि बोर्डिंग पास घ्या. मग तपासणी. मोबाइल, पाकीट, पट्टा ट्रेमध्ये. बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर मोठं सामान १५ किलो आणि हातातलं ७ किलो चालतं. विळा, सुरी, अडकित्ता मोठ्या सामानात टाका. पॉवर बँक मात्र हातातच हवी. काडेपेटी आणि लायटर कुठेच चालत नाही. आईने दिलेल्या तेलाच्या लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत अडवली जाऊ शकते, ती घट्ट बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. त्यानंतर बोर्डिंग पासवरच्या गेट क्रमांकासमोर बसून राहा. घोषणेची वाट बघत चहाच्या दुकानात रेंगाळू नका, बऱ्याच वेळा घोषणा होतच नाही.

शहरात फिरताना

ऑटोवाल्याशी बसण्याआधी भाडं ठरवा, आणि "किती घ्याल?" एवढंच न विचारता "मेडिकलच्या गेटपर्यंत, दोघांचे मिळून किती?" असं विचारा. मोबाइलवर गाडी बोलवणारं ॲप असेल तर त्यावरचा आकडा बघून घ्या, घासाघीस करायला तो कामी येतो. वाटून जाणारे ऑटो स्वस्त असतात पण ठरलेल्या रस्त्यानेच जातात. महापालिकेची "आपली बस" मोरभवनहून जवळजवळ सगळीकडे जाते. घाई नसेल तर तीच सगळ्यात स्वस्त.

आजारी माणूस सोबत असेल तेव्हा

कुरखेड्याहून आईला मेडिकलच्या ओपीडीत न्यायचं आहे असं धरू. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत एसटीला चार-पाच तास लागतात. पहाटेच्या गाडीने निघालं तरी केसपेपरच्या रांगेत लागेपर्यंत सकाळ सरलेली असते, आणि तपासण्या दुसऱ्या दिवशीवर जातात. त्यापेक्षा आदल्या दुपारी निघा, संध्याकाळपर्यंत पोचा, रात्री आराम करू द्या आणि सकाळी पहिल्यांदा रांगेत उभे राहा. पिशवीत आधार, रेशन कार्ड, जुने सगळे कागद तारखेच्या क्रमाने, आणि त्यांच्या झेरॉक्स. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. भरती होण्याच्या दिवशीच तिथे जा, सुट्टी मिळताना नाही. उन्हाळ्यात आईच्या डोक्याला दुपट्टा बांधा आणि पाण्याची बाटली तिच्या हातात द्या. एसटीच्या मधल्या सीटवर बसवा, मागच्या सीटवर हादरे फार बसतात. आणि डॉक्टरांना थेट सांगा की गाव लांब आहे. पुढची तारीख आणि तपासण्या एकाच दिवशी बसवून द्या अशी विनंती केली तर बरेच डॉक्टर ते करतात.

हे दिवस टाळा, किंवा तयारीने जा

दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरच्या आसपास दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. त्या दिवसांत रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर, काछीपुरा भागातली वाहतूक वळवलेली असते आणि नागपूरकडे येणाऱ्या गाड्या भरून वाहतात. दर्शनाला जाणार असाल तर जादा गाड्यांची चौकशी आपल्या आगारात आधी करा. दवाखान्याचं काम असेल तर तारीख दोन दिवस पुढे मागून घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा इतवारी, महालात खरेदीला जाऊ नका, रस्ता मिळत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवन, झिरो माइल, बर्डी भागात मोर्चे आणि अडथळे असतात. कलेक्टर ऑफिसचं किंवा हायकोर्टाचं काम असेल तर त्या आठवड्यात ऑटोपेक्षा मेट्रो आणि पायी चालणं लवकर पोचवतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्यामुळे दिल्लीहून येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा येतात. त्या दिवसांत बल्लारशाहकडे परतायला दिल्लीवरून येणारी गाडी धरू नका, नागपूरहूनच सुटणारी गाडी किंवा एसटी बघा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडच्या लोकांनी निघण्याआधी पुलांची खबर घ्यावी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी परत जाता येईपर्यंत आलापल्ली किंवा अहेरीला ज्याच्याकडे थांबता येईल, अशा नातेवाइकाला निघतानाच फोन करून ठेवा.